जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कच्या क्षमतेच्या मर्यादा

जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कच्या क्षमतेच्या मर्यादा म्हणजे जुन्या मदरबोर्डांवर व जुन्या संचालन प्रणालींत मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क वापरताना येणारे तांत्रिक अडथळे होत. आयबीएम पीसी व तिच्याशी सुसंगत संगणकांत हे अडथळे प्रामुख्याने ५२८ एमबी, ८.४ जीबी, ३३.८ जीबी, १३७ जीबी आणि २.२ टीबी या टप्प्यांवर आढळतात. एमएस-डॉस, विंडोज ९५, विंडोज ९८, विंडोज २००० आणि विंडोज एक्सपी या प्रणालींच्या वापरकर्त्यांना त्यांचा अनुभव येतो.

या मर्यादांचे मूळ डिस्कच्या यांत्रिक रचनेत नसून डिस्कवरील जागेचा पत्ता लिहिण्यासाठी राखून ठेवलेल्या बिटांच्या संख्येत असते. मर्यादा ओलांडल्यावर काही संगणक सुरूच होत नाहीत, तर काही डिस्कचा थोडाच भाग ओळखतात. काही वेळा मात्र सर्व काही सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि प्रत्यक्षात आधी साठवलेली माहिती पुसली जात असते. हा तिसरा प्रकार सर्वांत धोकादायक मानला जातो.

पार्श्वभूमी

१९८३ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क होती. त्या काळी एवढी क्षमता मोठी समजली जाई. स्मृती महाग असल्याने प्रत्येक पत्ता कमीत कमी बिटांत बसवण्याकडे अभियंत्यांचा कल होता. पुढे डिस्कची क्षमता सातत्याने वाढत गेली. परंतु जुनी सॉफ्टवेअर नव्या यंत्रांवर चालावीत यासाठी पत्ता लिहिण्याची जुनी पद्धत दीर्घकाळ टिकवून ठेवण्यात आली. परिणामी दर काही वर्षांनी एक नवी भिंत समोर येत राहिली.

जुनी यंत्रे आजही अनेक कारणांनी वापरात आहेत. कारखान्यांतील यंत्रे व प्रयोगशाळांतील उपकरणे चालवणारी कित्येक सॉफ्टवेअर केवळ डॉस किंवा विंडोज ९८ वर चालतात. अशा संगणकाची मूळ डिस्क झिजून बंद पडली की तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क मिळत नाही. त्यामुळे मोठी डिस्क बसवणे ही बहुधा हौस नसून गरज असते.

पत्त्याची रचना

हार्ड डिस्कवरील माहिती परंपरेने ५१२ बाइटांच्या सेक्टरांत साठवली जाते. जुन्या पद्धतीत प्रत्येक सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगितला जाई. या पद्धतीला सीएचएस म्हणतात. इमारतीतील खोलीचा पत्ता मजला, मार्गिका आणि खोली क्रमांक यांनी सांगावा, तसाच हा प्रकार होय. नंतर आलेल्या एलबीए पद्धतीत सर्व सेक्टरांना शून्यापासून एकाच मालिकेत क्रमांक दिले जातात.

एखादी फाइल वाचताना विनंती अनेक थरांतून जाते. फाइल सिस्टीम, पार्टिशनची नोंद, संचालन प्रणालीतील ड्रायव्हर, मदरबोर्डवरील बायोस, डिस्क जोडणारा कंट्रोलर आणि स्वतः डिस्क असे हे थर आहेत. प्रत्येक थरात पत्त्यासाठी ठरावीक बिट असतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढी असते. त्याचप्रमाणे ज्या थरात सर्वांत कमी बिट आहेत, त्यावर वापरता येणारी क्षमता ठरते. एक थर सुधारल्याने बाकीचे थर आपोआप सुधारत नाहीत.

उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १३७ जीबीची मर्यादा विंडोजमध्ये १२८ जीबी म्हणून दिसते. या लेखातील बायोस व पार्टिशनच्या मर्यादांचे आकडे उत्पादकांच्या पद्धतीचे आहेत, तर फाइल सिस्टीम व विंडोजमधील साधनांचे आकडे १०२४ च्या पटीतील आहेत.

प्रमुख मर्यादा

५२८ एमबी

बायोसच्या डिस्कविषयक सेवेत सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट होते. आयडीई डिस्कच्या पद्धतीत हीच वाटणी १६, ४ आणि ८ बिट अशी होती. दोन्ही पद्धती एकत्र आल्यावर प्रत्येक ठिकाणी लहान आकडा लागू झाला: १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर. सेक्टरची मोजणी १ पासून सुरू होत असल्याने तेथे ६४ ऐवजी ६३ हा आकडा येतो. यांचा गुणाकार १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजे ५२,८४,८२,३०४ बाइट होतो. एकेकटी पद्धत याहून कितीतरी मोठी डिस्क हाताळू शकत असताना केवळ दोहोंच्या बेरजेतून ही मर्यादा निर्माण झाली.

८.४ जीबी

यावर उपाय म्हणून बायोसने भाषांतराचे काम पत्करले. डिस्कच्या खऱ्या सिलिंडरांची संख्या कमी करून त्या प्रमाणात हेडची संख्या वाढवून दाखवली जाऊ लागली. बायोसच्या मांडणीत दिसणारे 'लार्ज' आणि 'एलबीए' हे पर्याय याच कामासाठी आहेत. हेडचा आकडा २५६ असल्यास एमएस-डॉस गोंधळत असे, म्हणून तो २५५ वर थांबवण्यात आला. १०२४, २५५ आणि ६३ यांच्या गुणाकारातून ८,४२,२६,८६,७२० बाइटांची मर्यादा येते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी बायोसमध्ये ६४ बिटांचा पत्ता घेणाऱ्या नव्या विस्तारित सेवा घालण्यात आल्या. एमएस-डॉस ६.२२ या सेवा वापरत नाही. त्यामुळे डिस्क कितीही मोठी असली तरी ते ८.४ जीबीच्या पुढे पाहू शकत नाही.

३३.८ जीबी

१९९९ च्या मध्यापूर्वीच्या अनेक अवॉर्ड बायोसांत ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पुढील गणित चुकत असे. अशा संगणकाला याहून मोठी डिस्क जोडल्यास तो डिस्क ओळखण्याच्या पायरीवरच अडकून पडतो. म्हणून काही उत्पादकांनी डिस्कवर एक विशेष जंपर दिला. तो लावल्यास डिस्क स्वतःची क्षमता मुद्दाम कमी सांगते आणि संगणक सुरू होऊ शकतो.

१३७ जीबी

आयडीई डिस्कच्या एलबीए पद्धतीत पत्त्यासाठी २८ बिट होते. २ चा २८ वा घात २६,८४,३५,४५६ असून तेवढ्या सेक्टरांत १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट मावतात. २००१ मध्ये १६० जीबीच्या डिस्क बाजारात आल्या आणि ही मर्यादा ओलांडली गेली. २००२ च्या एटीए-६ या मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला.

२.२ टीबी

एमबीआर हा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील पार्टिशनचा तक्ता होय. त्यात पार्टिशनची सुरुवात व लांबी प्रत्येकी ३२ बिटांत लिहिली जाते. ५१२ बाइटांचे सेक्टर असल्यास त्याची मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट येते. जीपीटी या नव्या तक्त्यात ६४ बिटांचे पत्ते असतात. ३२ बिटांची विंडोज एक्सपी जीपीटी वाचू शकत नाही. जीपीटी डिस्कवर एक संरक्षक एमबीआर ठेवलेला असतो. त्यामुळे जुन्या प्रणालीला ती डिस्क रिकामी न दिसता पूर्ण व्यापलेली दिसते व चुकून फॉरमॅट होण्याचा धोका कमी होतो.

फाइल सिस्टीमच्या मर्यादा

बायोस व डिस्क सक्षम असूनही फाइल सिस्टीम अडथळा ठरू शकते. एमएस-डॉस ३.० मध्ये पार्टिशनमधील सेक्टरांची संख्या १६ बिटांत लिहिली जात असल्याने एक पार्टिशन ३२ एमबीहून मोठे करता येत नसे. १९८८ च्या एमएस-डॉस ४.० मध्ये ही संख्या ३२ बिटांची झाली. त्यानंतर फॅट१६ ची मर्यादा क्लस्टरच्या संख्येवर आली. क्लस्टर म्हणजे फाइलला एका वेळी दिला जाणारा जागेचा लहानात लहान तुकडा. सुमारे ६५ हजार क्लस्टर आणि प्रत्येकी जास्तीत जास्त ३२ केबी, या हिशेबाने पार्टिशन २ जीबीचे होते.

मोठ्या क्लस्टरमुळे जागाही वाया जाते. ३२ केबीच्या क्लस्टरमध्ये १ केबीची फाइल ठेवली तरी पूर्ण ३२ केबी अडतात. अशा एक हजार फाइलींमागे सुमारे ३० एमबी जागा रिकामीच राहते. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेल्या फॅट३२ ने ही अडचण बरीच दूर केली. मात्र फॅट३२ पेलणाऱ्या प्रणालीतील साधने त्यामागे पडली:

* विंडोज ९८ मधील मूळ एफडिस्क ६४ जीबीहून मोठ्या डिस्कची क्षमता ६४ जीबीने कमी दाखवते. ८० जीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीनुसार ७४.५ जीबी असते. एफडिस्कमध्ये ती सुमारे १०.५ जीबी दिसते. मायक्रोसॉफ्टने नंतर सुधारित एफडिस्क उपलब्ध करून दिले.
* विंडोज ९८ मधील स्कॅनडिस्क ४१,७७,९२० हून अधिक क्लस्टर तपासू शकत नाही. ३२ केबीच्या क्लस्टरसाठी ही मर्यादा १२७.५३ जीबी येते.
* विंडोज २००० व विंडोज एक्सपी यांतील फॉरमॅट साधन ३२ जीबीहून मोठे फॅट३२ पार्टिशन तयार करत नाही. अन्यत्र तयार केलेले मोठे पार्टिशन मात्र वापरू देते.

संचालन प्रणालीनुसार स्थिती

* एमएस-डॉस ६.२२: एकूण ८.४ जीबी, प्रत्येक पार्टिशन २ जीबीपर्यंत.
* विंडोज ९५: एकूण ३२ जीबीपर्यंतच्या डिस्क; पहिल्या आवृत्तीत पार्टिशन २ जीबीपर्यंत.
* विंडोज एनटी ४.०: ज्या पार्टिशनवरून प्रणाली सुरू होते, ते डिस्कच्या पहिल्या ८.४ जीबीत असणे आवश्यक.
* विंडोज ९८ व विंडोज मी: मूळ आयडीई ड्रायव्हर २८ बिटांचा, १३७ जीबीपर्यंत.
* विंडोज २०००: सर्व्हिस पॅक ३ पासून ४८ बिटांचा पत्ता, त्यासाठी रजिस्ट्रीत 'एनेबल बिग एलबीए' ही नोंद करावी लागते.
* विंडोज एक्सपी: सर्व्हिस पॅक १ पासून ४८ बिटांचा पत्ता, ३२ बिटांच्या आवृत्तीत ५१२ बाइटांच्या सेक्टरसह २.२ टीबीपर्यंत.

माहिती नष्ट होण्याचा धोका

मोटारीतील किलोमीटरमापक शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतो. पत्त्याचे बिट अपुरे पडल्यावर असेच घडू शकते. २८ बिटांत मावणारा शेवटचा सेक्टर २६,८४,३५,४५५ हा आहे. त्यापुढील सेक्टरवर लिहिण्याची आज्ञा देताना ड्रायव्हरने वरचा बिट गाळला, तर उरलेला पत्ता शून्य येतो आणि माहिती शून्य क्रमांकाच्या सेक्टरवर, म्हणजे एमबीआरवर लिहिली जाते. त्यापुढील लेखन फाइलींची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यावर जाऊन पडते. एकाच आज्ञेत नव्या फाइलचे लेखन फसते व जुन्या फाइलींचा पत्ता पुसला जातो.

हा दोष डिस्क बसवल्यावर लगेच उघड होत नाही. डिस्क १३७ जीबीपर्यंत भरेपर्यंत संगणक महिनोन्महिने नीट चालतो. त्यामुळे आरंभी घेतलेली चाचणी समाधानकारक ठरली तरी ती पुरेशी नसते. पुढील परिस्थितींत धोका विशेष असतो:

* नव्या संगणकावर मोठे पार्टिशन करून ती डिस्क विंडोज ९८ च्या यंत्राला जोडणे.
* सर्व्हिस पॅक नसलेल्या जुन्या सीडीवरून विंडोज एक्सपी पुन्हा बसवणे.
* डिस्क एका बायोसच्या 'लार्ज' पर्यायातून दुसऱ्या बायोसच्या 'एलबीए' पर्यायात नेणे. दोन्हींचे भाषांतर वेगळे असल्याने तोच पत्ता निराळ्या सेक्टरकडे निर्देश करू शकतो.
* मदरबोर्डवरील घड्याळाचा सेल संपणे. त्यामुळे बायोसमधील डिस्कची मांडणी पुसली जाते आणि चुकीची मांडणी भरली गेल्यास डिस्क अवाचनीय भासते. अशा वेळी डिस्क फॉरमॅट न करता मूळ मांडणी परत भरून पाहणे आवश्यक असते.

२.२ टीबीच्या मर्यादेतही हेच गणित दिसते. ३ टीबीची डिस्क काही जुन्या यंत्रांवर केवळ ७४६ जीबीची दिसते. कारण ३२ बिट संपल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

उपाय

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे डिस्कची क्षमता मर्यादेच्या आत ठेवणे. डिस्कमध्ये राखीव क्षेत्राची सोय असल्यास उत्पादकाच्या साधनाने किंवा लिनक्समधील एचडीपार्म या आज्ञेने तिची दर्शनी क्षमता कमी करता येते. यामुळे काही जागा वाया जाते. परंतु मर्यादेबाहेरील सेक्टर कोणत्याही थराला दिसतच नसल्याने चुकीचे लेखन टळते. केवळ लहान पार्टिशन करून उर्वरित जागा मोकळी सोडणे हाही मार्ग आहे. मात्र पुढे कोणी त्या जागेत पार्टिशन केल्यास धोका परत येतो.

बायोस अद्ययावत करणे हा दुसरा उपाय होय. त्या मदरबोर्डसाठी उत्पादकाने सुधारित बायोस काढलेला असेल तरच तो शक्य असतो. पीसीआय खाचेत बसणारे कंट्रोलर कार्ड स्वतःचा बायोस घेऊन येते, त्यामुळे मदरबोर्डच्या बायोसची मर्यादा टळते. याहून जुन्या संगणकांसाठी एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा मुक्त स्रोत प्रकल्प उपयोगी पडतो. त्याची चिप नेटवर्क कार्डवरील रिकाम्या बूट रॉमच्या जागीही बसवता येते.

ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर, ईझी-ड्राइव्ह यांसारखी सॉफ्टवेअर डिस्कच्या आरंभीच्या सेक्टरांत स्वतःला बसवून बायोसची उणीव भरून काढत. हा मार्ग स्वस्त होता, पण नाजूक. संगणक थेट फ्लॉपीवरून सुरू केल्यास हे सॉफ्टवेअर स्मृतीत येत नाही आणि डिस्कची मांडणी चुकीची दिसते. एमबीआर नव्याने लिहिल्यास ते नष्ट होते.

बायोस जुना असूनही ड्रायव्हर ४८ बिटांचा असेल, तर प्रणाली सुरू होताना आणखी एक अडचण उद्भवते. विंडोज एक्सपीच्या पहिल्या फाइली बायोसमार्फतच वाचल्या जातात. त्या १३७ जीबीच्या पलीकडे असल्यास संगणक सुरू होत नाही. म्हणून प्रणालीसाठी डिस्कच्या आरंभी वेगळे लहान पार्टिशन ठेवले जाते. लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत याच कारणाने 'बूट' पार्टिशन पहिल्या १०२४ सिलिंडरांत ठेवण्याची प्रथा होती.

यूएसबी डिस्क वापरल्यास मदरबोर्डवरील आयडीईचा मार्ग टळतो. तथापि डिस्कच्या पेटीतील चिप जुनी असल्यास १३७ जीबीची मर्यादा तेथेही आढळते. शिवाय यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला सुमारे १ एमबी असल्याने १०० जीबीची प्रत काढण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो. अल्प क्षमता पुरेशी असल्यास कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड अडॅप्टरने आयडीई केबलला जोडता येते. साटा डिस्क जोडण्यासाठीही अडॅप्टर मिळतात, परंतु त्यांनी केवळ जोडणी बदलते. पत्त्याच्या बिटांची मर्यादा तशीच राहते.

४०९६ बाइटांचे सेक्टर

२०१० च्या सुमारापासून डिस्कचे भौतिक सेक्टर ४०९६ बाइटांचे होऊ लागले. बहुतेक डिस्क बाहेर ५१२ बाइटांचेच सेक्टर दाखवतात, म्हणजे एका भौतिक सेक्टरमध्ये आठ दर्शनी सेक्टर असतात. विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. ६३ ला ८ ने पूर्ण भाग जात नसल्याने प्रत्येक क्लस्टरच्या कडा दोन भौतिक सेक्टरांवर येतात आणि लेखन मंदावते. विंडोज व्हिस्टापासून पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते. एक्सपीसाठी डिस्क तयार करताना पार्टिशन आधी नव्या संगणकावर करून घेतल्यास ही अडचण येत नाही. यात वेग घटतो, माहितीला अपाय होत नाही.

इतर संगणक

अशा मर्यादा केवळ पीसीपुरत्या नव्हत्या. ॲपल मॅकिंटॉशच्या एचएफएस या फाइल सिस्टीममध्ये एका पार्टिशनचे जास्तीत जास्त ६५,५३५ भाग करता येत; त्यामुळे मोठ्या डिस्कवर लहान फाइलींची बरीच जागा वाया जाई. १९९८ मध्ये मॅक ओएस ८.१ सह आलेल्या एचएफएस प्लसने ही उणीव दूर केली. सुरुवातीच्या काही आयमॅकवर मॅक ओएस एक्स डिस्कच्या पहिल्या ८ जीबीतच बसवावी लागे. अमिगा संगणकांत डिस्कवरील स्थान ३२ बिटांत, तेही बाइटांमध्ये मोजले जात असल्याने ४ जीबीची मर्यादा होती.

मराठी मजकुराच्या जतनाशी संबंध

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी पुस्तके व नियतकालिके यांची अक्षरजुळणी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातीलच सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे. फाँटनुसार अक्षरांचे संकेतांक बदलत असल्याने या फाइली त्याच सॉफ्टवेअरविना वाचणे अवघड जाते. ज्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवलेले आहे, तो चालू ठेवणे हा काही वेळा मजकूर परत मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो.

अशा यंत्राची डिस्क बदलताना मूळ डिस्कची सेक्टरशः प्रत आधी घेणे व ती दुसऱ्या ठिकाणी ठेवणे महत्त्वाचे ठरते. नवी डिस्क चुकीच्या मर्यादेत बसवली गेल्यास छापील प्रत नसलेला मजकूर कायमचा नष्ट होऊ शकतो. प्रत घेतल्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवल्यास त्या यंत्रावरील अवलंबित्वही संपते.

सद्यस्थिती

४८ बिटांचा एलबीए पत्ता, जीपीटी आणि बायोसच्या जागी आलेली यूईएफआय यांमुळे आजच्या संगणकांत या मर्यादा व्यवहारात जाणवत नाहीत. ४८ बिटांत ५१२ बाइटांच्या सेक्टरांनुसार सुमारे १४४ पेटाबाइटांपर्यंतचे पत्ते लिहिता येतात. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मात्र डिस्क जोडण्यापूर्वी बायोस, ड्रायव्हर, पार्टिशनचा तक्ता व फाइल सिस्टीम यांपैकी प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्रपणे तपासणे आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा प्रमाण मानणे हीच रीत आजही लागू पडते.